तिकिटे चोख, नियम शिळे : बडोद्याच्या एका पर्यटन कंपनीबद्दल

२०२५ च्या भाऊबीजेचे ओवाळणे आटोपून त्याच रात्री आम्ही चौघे, म्हणजे मी, यजमान, चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि दहा वर्षांची मुलगी, अहमदाबादच्या विमानतळाकडे निघालो आणि पॅरिस, लुसर्न, व्हेनिस व रोम असा दहा रात्रींचा प्रवास करून ४ नोव्हेंबरला बडोद्याला परतलो. सहलीची आखणी अलकापुरीतील एका पर्यटन कंपनीकडे सोपवली होती. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण ज्या चुका सांगणार आहे त्या तिच्या एकटीच्या नाहीत. दांडिया बाजारापासून रेसकोर्सपर्यंत ज्या चार ठिकाणी मी चौकशी केली, तेथे थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळाले होते. विमानाची तिकिटे, हॉटेले आणि रेल्वे या बाबतीत मी ही कंपनी कोणालाही सुचवीन. व्हिसा आणि प्रवेशाचे नियम या बाबतीत मात्र तिच्या शब्दावर विसंबून एक रुपयाही भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून एकूण साडेतीन तारे.

मे महिन्यात आम्ही पहिल्यांदा तेथे गेलो तेव्हा दरवाजातच दोन फलक होते. एकावर ‘युरोप : व्हिसा मोफत’ असे लिहिले होते आणि दुसऱ्यावर ‘भारतीयांना आता पाच वर्षांचा शेंगेन व्हिसा’ असे. दोन्ही वाक्ये धडधडीत खोटी नव्हती, पण दोन्हींचा अर्थ वाचणाऱ्याला जो लागतो तो नव्हता. ‘मोफत’ होते ते फक्त कंपनीचे सेवाशुल्क. शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातील अनेक देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचे, मूळ शुल्क ११ जून २०२४ पासून ८० युरोंवरून ९० युरो झाले आहे, सहा ते बारा वर्षांच्या आतील मुलांना ते ४५ युरो आहे, आणि हे पैसे व्हिसा नाकारला गेला तरी परत मिळत नाहीत. शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे शुल्क वेगळे. पाच वर्षांच्या व्हिसाची गोष्ट अशी की एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल केला हे खरे, परंतु त्यात आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमाप्रमाणे वापरलेले असतील तर प्रथम दोन वर्षांचा आणि त्यानंतर, पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असल्यास, पाच वर्षांचा व्हिसा मिळतो. आमच्यासारख्या पहिल्यांदा जाणाऱ्याचा त्या फलकाशी काही संबंध नव्हता. हे मी विचारल्यावर काउंटरवरील मुलगा प्रसन्नपणे म्हणाला, “बेन, ते तर आकर्षणासाठी आहे.” त्याच्या प्रामाणिकपणाला मी दाद दिली आणि खुर्चीवर बसले.

कोटेशन आले ते प्रौढ माणशी १,२९,००० रुपये अधिक १,७५० युरो असे, आणि मुलीचे थोडे कमी. रुपये अधिक युरो ही पद्धत आता सगळीकडे रूढ झाली आहे आणि तिच्यात बेकायदेशीर काही नाही, पण जाहिरातीत फक्त रुपयांचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि युरोंचा आकडा त्याच्या पायाशी बसलेला असतो, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. युरोचा भाग ज्या दिवशी भराल त्या दिवशीच्या दराने मोजला जातो. मे महिन्यात ९६ रुपयांच्या आसपास असलेला युरो ऑक्टोबरपर्यंत १०२ च्या पुढे गेला होता. ज्यांनी शेवटपर्यंत वाट पाहिली त्यांना त्याच सहलीसाठी माणशी दहा हजारांहून अधिक रुपये जास्त पडले असतील. आम्ही निम्मे युरो जूनमध्ये भरून टाकले. हा सल्ला कंपनीच्या हिशेबनिसाचा होता, आणि तो त्याने आपण होऊन दिला, हे नोंदवले पाहिजे.

त्याच हिशेबनिसाने टीसीएसची बाबही नीट समजावली. परदेशी सहलीचे पॅकेज घेतले की विक्रेता उगमस्थानी कर गोळा करतो. आम्ही पैसे भरले त्या आर्थिक वर्षात तो दहा लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यावरील रकमेवर २० टक्के होता. आमचा एकूण खर्च १२ लाखांच्या घरात जात होता. सगळे बिल यजमानांच्या पॅनवर केले असते तर ९०,००० रुपये अडकले असते. आम्ही दोघेही कमावते असल्याने बिल दोन पॅनवर सहा-सहा लाखांचे केले आणि तीच रक्कम ६०,००० वर आली. हे पैसे विवरणपत्र भरताना वळते करून घेता येतात किंवा परत मिळतात, परंतु तोवर ते आपल्या हातात नसतात आणि मुलीच्या शाळेची फी भरायच्या दिवसांत तीस हजारांचा फरक लहान नसतो. २०२६ च्या अर्थसंकल्पात हा दर १ एप्रिल २०२६ पासून रकमेची कोणतीही मर्यादा न ठेवता सरसकट २ टक्के करण्याचा प्रस्ताव मांडला गेला, तेव्हा जाणाऱ्यांनी सगळे पैसे भरण्याची घाई करण्याआधी विक्रेत्याशी हा मुद्दा जरूर बोलावा.

आता तक्रारीचा भाग, आणि त्यावर मी जरा थांबणार आहे.

कोटेशनच्या तिसऱ्या पानावर एक ओळ होती : ‘ईईएस/एटियास नोंदणी व सहाय्य, माणशी १,८०० रुपये’. चौघांचे ७,२०० रुपये. ही दोन नावे गेले वर्षभर वर्तमानपत्रांत इतक्या वेळा एकत्र येतात की सामान्य माणसाला तो एकच प्रकार वाटतो, आणि कंपनीलाही तसेच वाटत होते की तसे वाटू देणे तिला सोयीचे होते, हे मला आजवर कळलेले नाही. एटियास ही अगोदर घ्यायची ऑनलाइन परवानगी आहे आणि ती ज्या देशांच्या नागरिकांना शेंगेन क्षेत्रात व्हिसाशिवाय जाता येते त्यांच्यासाठी आहे, उदाहरणार्थ अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्टधारकांसाठी. आपल्याला व्हिसा लागतो, म्हणून आपल्याला एटियास लागत नाही. शिवाय आम्ही गेलो तेव्हा ती सुरूही झालेली नव्हती. २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत ती सुरू करण्याचे युरोपीय संघाचे नियोजन आहे आणि तिचे शुल्क २० युरो ठरले आहे. ईईएस ही सीमेवर वापरायची नोंदपद्धत, तिची गोष्ट वेगळी. ती १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली, सर्व सीमांवर पूर्णपणे लागू करण्यासाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरली, आणि ती आपल्यालाही लागू आहे. परंतु तिच्यासाठी घरून कोणताही अर्ज करायचा नसतो आणि शुल्क तर मुळीच नाही. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी येण्याजाण्याची नोंद संगणकात ठेवणे हा तिचा मुख्य हेतू आहे. व्हिसा घेताना आपल्या बोटांचे ठसे आधीच घेतलेले असतात, म्हणून व्हिसाधारकाचा सीमेवर मुख्यतः चेहऱ्याचा फोटो घेतात.

हे सगळे मी फोनवर सांगितले तेव्हा पलीकडून उत्तर आले की ‘युरोपचे नियम रोज बदलतात, आम्ही ग्राहकाच्या सोयीसाठी आधीच धरून ठेवतो’. नियम बदलतात हे मान्य. पण बदलत्या नियमांची भीती दाखवून, अस्तित्वातच नसलेल्या नोंदणीचे पैसे घेणे याला सोय म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी मालकांना भेटले. ते मराठीच, रावपुऱ्यातल्या जुन्या घराण्यातले. “वहिनी, चूक झाली, ओळ काढून टाकतो” असे म्हणाले आणि खरोखरच ती काढली. मात्र माझ्या समोरच बसलेल्या एका वयस्कर जोडप्याच्या कोटेशनवर तीच ओळ होती. मी त्यांना तेथेच सांगितले. मालकांना ते आवडले नसावे. मला त्याचे दुःख नाही.

पुढे प्रत्यक्षात काय घडले ते सांगते. पॅरिसला उतरल्यावर आमच्या रांगेत अधिकाऱ्याने नेहमीप्रमाणे शिक्का मारला; सगळीकडे व्यवस्था लागेपर्यंत शिक्के चालूच राहणार होते. परतताना रोमला कॅमेऱ्यासमोर उभे राहावे लागले. सासूबाईंना डोक्यावरचा स्कार्फ काढायला सांगितला, रांग हळू सरकली, आणि आम्ही तीन तास आधी पोहोचलो होतो म्हणून निभावले. नव्या पद्धतीने प्रवाशाला खर्च होत असेल तर तो वेळेचा, पैशांचा नव्हे.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. शेंगेनचा नियम असा की ज्या देशात सर्वाधिक रात्री मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि मुक्काम सारखाच असेल तर ज्या देशात प्रथम प्रवेश त्याच्याकडे. आमच्या फ्रान्समध्ये तीन रात्री, स्वित्झर्लंडमध्ये चार आणि इटलीत तीन, म्हणजे अर्ज स्वित्झर्लंडकडेच जायला हवा होता. जुलैमध्ये त्या देशाच्या अपॉइंटमेंट लवकर मिळेनात तेव्हा कंपनीच्या व्हिसा विभागाने सुचवले की दुसऱ्याच एका देशाचे पाच रात्रींचे हॉटेल ‘दाखवू’, तिकडे अर्ज करू आणि व्हिसा आल्यावर ते बुकिंग रद्द करू. ही युक्ती इतक्या सहजपणे सांगितली गेली की ती रोज चालत असावी. अर्जावर सही आपली असते. खोटा प्रवासकार्यक्रम उघडकीस आला तर व्हिसा नाकारला जातो किंवा रद्द होतो, आणि ती नोंद शेंगेनच्या सर्व देशांना दिसणाऱ्या यादीत आपल्या नावावर राहते, कंपनीच्या नाही. आता हे देश २९ आहेत. बल्गेरिया आणि रोमानियाही १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले आहेत. मी नकार दिला. रोज सकाळी उठून स्वतः अपॉइंटमेंट शोधत राहिले, आणि अकराव्या दिवशी ऑगस्टमधली तारीख मिळाली. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, निर्णयाला साधारण पंधरा दिवस लागतात पण पंचेचाळीसही लागू शकतात. दिवाळीत जायचे असेल तर मे-जूनमध्येच हे काम सुरू करावे. आम्ही ते जुलैवर ढकलले, ही चूक मात्र आमची.

अहमदाबादला अर्ज केंद्रात जायचा दिवस सुरळीत गेला. मुलगी बारा वर्षांखालील असल्याने तिचे ठसे घेतले नाहीत, याचे तिला फार वाईट वाटले. सासूबाईंच्या पासपोर्टवरून थोडा घोळ होता. त्याची मुदत मार्च २०२६ मध्ये संपणार होती आणि कंपनीने ‘सहा महिने शिल्लक हवेतच’ म्हणून तत्काळ योजनेत नूतनीकरणाचा आग्रह धरला होता, अर्थात त्यांच्याच मार्फत. शेंगेनचा नियम परतीच्या दिवसानंतर तीन महिन्यांचा आहे, आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा लागतो. दोन्ही अटी पूर्ण होत होत्या. तरीही विमान बदलायचा देश निराळा असतो म्हणून आम्ही जूनमध्येच साध्या पद्धतीने नवा पासपोर्ट करून घेतला. विम्याची किमान ३०,००० युरोंची अट कंपनीने बरोबर पाळली आणि सासूबाईंच्या रक्तदाबाची नोंद अर्जात न लपवता केली. थोडा हप्ता वाढला, पण मला ते आवडले.

व्हेनिसच्या बाबतीतला प्रकार मजेशीर आहे. कोटेशनमध्ये ‘व्हेनिस शहर प्रवेश शुल्क, माणशी १० युरो’ धरले होते. २०२५ मध्ये हे शुल्क १८ एप्रिल ते २७ जुलै या काळातील ठरावीक ५४ दिवसांनाच होते, आगाऊ भरल्यास ५ युरो आणि ऐनवेळी १०, आणि तेही दिवसापुरते येणाऱ्यांना. शहरात रात्री मुक्काम करणाऱ्यांना ते नसते, त्यांच्याकडून हॉटेलात मुक्काम कर घेतात. आम्ही ३१ ऑक्टोबरला जाणार होतो आणि रात्रभर राहणार होतो. म्हणजे एकाच ओळीत दोन चुका. ही रक्कम त्यांनी निमूटपणे वजा केली. सवलतींच्या पत्रकात ‘लंडन जोडा, फक्त ३५,००० रुपयांत’ असाही मोह होता. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा संपूर्ण वेगळा आणि त्याचा खर्च त्या पस्तीस हजारांत नाही, हे पत्रकाच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरात होते की यजमानांना चष्मा काढून वाचावे लागले.

एवढे सांगितल्यावर वाचकाला वाटेल की मी साडेतीन तारे का देते आहे. तर ते यासाठी.

१९ ऑक्टोबरला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चोरी झाली आणि संग्रहालय बंद करण्यात आले. आमची तिकिटे शनिवार, २५ तारखेची होती. त्या वर्षी गुजराती शेजाऱ्यांची दिवाळी २० ला आणि आमच्या पंचांगाप्रमाणे लक्ष्मीपूजन २१ ला असल्याने बडोद्यात दोन दिवस कोणीच दुकान उघडत नव्हते. तशात २० तारखेला संध्याकाळी कंपनीच्या तिकीट विभागातील एका ताईंचा आपण होऊन फोन आला. मंगळवार हा संग्रहालयाच्या सुट्टीचाच वार, त्यामुळे बुधवारपर्यंत चित्र स्पष्ट होईल, आणि बंद राहिलेच तर त्याच वेळी नोत्र-दाम पाहता येईल, तेथे प्रवेश विनामूल्य आहे, असे त्यांनी सांगितले. संग्रहालय २२ ला उघडले. पुन्हा त्यांचाच संदेश आला. दिवाळीच्या फराळाचे ताट बाजूला ठेवून हे करणारा माणूस ज्या कंपनीत आहे, तिला मी एक-दोन तारे देऊन कसे मोकळी होऊ? (लूव्रचे तिकीट तेव्हा २२ युरो होते, १४ जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरील प्रवाशांना ते ३२ युरो झाले आहे. जुने कोटेशन हातात असेल तर तपासून घ्यावे.)

त्यांच्या प्रवासपत्रकात ठळक अक्षरांत लिहिले होते की रविवार, २६ ऑक्टोबरच्या पहाटे युरोपातील घड्याळे एक तास मागे जातील. यजमानांनी मनगटी घड्याळ तसेच ठेवल्याने ते त्या दिवशी नाश्त्याला एक तास आधी जाऊन बसले, तो दोष पत्रकाचा नव्हे. लुसर्नचे हॉटेल स्टेशनपासून पाच मिनिटांवर होते, सासूबाईंना बॅग ओढत चढ चढावा लागू नये एवढा विचार करून निवडलेले. स्वित्झर्लंडचा रेल्वे पास प्रौढांसाठी घेतला आणि आईवडिलांबरोबर प्रवास करणाऱ्या मुलीसाठी फॅमिली कार्ड विनाशुल्क मिळवून दिले. टिटलिस शिखराला पासावर अर्धेच तिकीट सुटते. त्याऐवजी रिगीला जा, तेथे तलावातील बोट आणि डोंगरावरची रेल्वे दोन्ही पासात बसतात, हे त्यांनीच सुचवले. १८७१ मध्ये सुरू झालेली ती युरोपातील पहिली दातेरी रुळांची पर्वतीय रेल्वे आहे. वर गेल्यावर ढग खाली आणि आम्ही वर, असा तासभर मिळाला. जास्त उंच आणि जास्त महाग शिखर विकून कंपनीला अधिक फायदा झाला असता, हे उघड आहे.

व्हेनिसला संत मार्कच्या बॅसिलिकेतील फरशी पाहून सासूबाई बराच वेळ खाली वाकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “ही तर आपल्या दरबार हॉलची थोरली बहीण.” लक्ष्मी विलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधील फरशीचे मोझेक व्हेनिसच्याच पद्धतीचे आहे, हे बडोदेकरांना सांगायला नको. सयाजीराव महाराज १८८७ मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले. त्यांना तेव्हा अपॉइंटमेंटसाठी अकरा दिवस सकाळी उठावे लागले नसावे.

जेवणाबद्दल दोन शब्द. आम्ही गटाबरोबर न गेल्याने ‘महाराज सोबत, रोज गुजराती थाळी’ ही सवलत आम्हाला नव्हती. सकाळचा नाश्ता हॉटेलात आणि बाकी स्वतःचे. ठेपले, भाकरवडी आणि मेतकूट यांनी पहिले पाच दिवस काढले, पुढे इटलीत अडचण आली नाही. वयस्कर मंडळी जास्त असतील तर गटसहलच बरी, असे मला वाटते, पण तेथेही चालक आणि मार्गदर्शकाची रोजची बक्षिसी व शहरांचे मुक्काम कर बहुधा किमतीबाहेर असतात, ते लेखी विचारून घ्यावे.

पुढच्या वेळी जायचे झाले तर तिकिटे, हॉटेले आणि पास याच कंपनीकडून घेईन आणि व्हिसाचा अर्ज स्वतः भरीन. त्यांना तसे सांगितले आहे, आणि मालकांनी तेवढ्या कामाचा वेगळा दर द्यायचे मान्य केले आहे. हिशेब एकच बाकी राहिला आहे. आम्ही शेवटचा हप्ता ऑक्टोबरच्या सुरुवातीला भरला, त्याच्या टीसीएसची रक्कम आमच्या २६एएस या प्राप्तिकर खात्याच्या विवरणात दिसते, परंतु जानेवारीअखेर मिळायला हवे होते ते टीसीएसचे २७डी प्रमाणपत्र हे लिहीपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी २०२६ च्या मध्यापर्यंत, आलेले नाही. तीन वेळा फोन केला. ते हातात पडले की अर्धा तारा वाढवीन.